घासलेली शिवराई

दिवाळीच्या आठ दिवस आधी घरोघरची तांब्या-पितळेची भांडी माळ्यावरून खाली उतरतात. चिंचेचा कोळ, मीठ नाहीतर पितांबरी घेऊन ताम्हन, समया, पंचपात्री घासल्या जातात. देव्हाऱ्यातले टाक उजळतात आणि त्यांच्या शेजारी तीन-चार पिढ्या पडून असलेली तांब्याची जाड, वेडीवाकडी नाणीही त्याच हाताने उजळली जातात. देवातली शिवराई लखलखीत झाली की घराला बरं वाटतं. पुढे त्याच घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला जुन्या नाण्यांचा नाद लागतो. ती शिवराई रुमालात गुंडाळून नाण्यांच्या प्रदर्शनात जाते, एखाद्या जुन्या जाणत्या संग्राहकापुढे ठेवली जाते आणि प्रश्न येतो, ‘काका, याचे किती येतील?’

काका नाणं उचलतात, उलटंसुलटं करतात, परत ठेवतात. ‘घासलंय,’ एवढंच म्हणतात आणि शेजाऱ्याशी अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे सुरू करतात.

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही शहरातल्या नाणेप्रदर्शनात हा प्रसंग कुठल्या ना कुठल्या टेबलापाशी घडतोच. नवख्याला वाटतं, म्हातारा खडूस आहे किंवा नाणं पडत्या भावात लाटायचा त्याचा डाव आहे. काकांना वाटतं, दीडदोनशे वर्षं टिकलेलं आणखी एक नाणं चिंचेने गेलं आणि पोराला त्याचं काहीच नाही, पहिलाच प्रश्न पैशाचा. दोघांच्या मनातलं दोघांनी बोलून दाखवलं असतं, तर पाच मिनिटांत मोकळं झालं असतं. तसं क्वचितच होतं. या छंदातले बरेचसे शिष्टाचार कुठे लिहिलेले नाहीत. ते चुकल्यावर कळतात, आणि चुकल्यावर कळले की टोचतात.

आधी घासण्याचंच घेऊ. तांबं हवेत राहिलं की त्यावर हळूहळू ऑक्साइडसारख्या संयुगांचा थर धरतो. आधी तपकिरी, मग काळपट, कधी हिरवट. संग्राहक याला ‘पॅटिना’ म्हणतात. हा थर एकसंध आणि घट्ट असेल तर तो खालच्या धातूला जपतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल नेमका तोच विरघळवतात. भांड्याचं त्यात काही बिघडत नाही, कारण भांड्यावर वाचायला काही नसतं. शिवराईवरची अक्षरं मात्र मुळातच उथळ असतात. हातोड्याच्या घावाने पाडलेलं नाणं. ठसा मोठा, नाण्याचा तुकडा लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि मागचं ‘छत्र पति’ ही अक्षरं पूर्ण क्वचितच उमटतात. जी उमटली ती वाचता येतात अक्षरांच्या खोबणीतल्या काळ्या रंगामुळे. तो काळा रंग धुऊन काढला की उरतो एक चकचकीत, मुका तुकडा. झिजलेलं अक्षर परत आणता येत नाही, आणि आम्लाने गेलेला थर पुन्हा धरायला कित्येक वर्षं लागतात.

चांदीच्या नाण्यांचीही तीच गत. लक्ष्मीपूजनाच्या ताटात राणीछाप रुपये मांडायची पद्धत अनेक घरांत आहे. ११.६६ ग्रॅम वजनाच्या या रुपयावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असतो. १८६२ हे साल घातलेले रुपये पुढची कित्येक वर्षं त्याच सालाने पाडले जात होते. त्यांचे प्रकार ओळखायचे ते सालाजवळच्या बारीक ठिपक्यांवरून. दर दिवाळीला पॉलिशचा बोळा फिरला की सर्वांत आधी जातात ते हे ठिपके.

म्हणून काकांना ‘घासलंय’ हा एक शब्द पुरेसा वाटतो. त्यात त्यांच्या दृष्टीने सगळं आलं. समोरच्याला मात्र त्यातलं काहीच कळलेलं नसतं. ज्या घरात घासणं हीच सेवा आहे, तिथून आलेल्या माणसाला ‘तुम्ही नाणं खराब केलंत’ हे वाक्य देवाची हेटाळणी केल्यासारखं लागतं. जाणत्याने इथे चार वाक्यं खर्च करायला हवीत: देवातलं नाणं घासू नये, फार माती असेल तर साध्या शुद्ध पाण्यात भिजत ठेवावं आणि मऊ कापडाने टिपावं, चोळू नये, फिकट हिरवी पावडर सुटत असेल तर तो धातूचा रोग आहे, तेव्हा जाणकाराला दाखवावं, आणि स्वस्तातल्या पीव्हीसीच्या अल्बममध्ये नाणं ठेवू नये, कारण ते प्लास्टिक काही वर्षांनी चिकट, हिरवट द्रव सोडतं.

यापेक्षा खोल गैरसमज आहे तो नाण्याच्या ओळखीचा.

शिवराईवर शिवाजी महाराजांचं नाव असतं. तेव्हा हातातलं नाणं महाराजांच्या काळातलं, असं नवख्याने धरून चालणं स्वाभाविक आहे. महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. त्यानंतर ही नाणी पाडली गेली हे खरं. पण हाच ठसा पुढे छत्रपतींच्या वारसांच्या काळात, पेशवाईत, अनेक ठिकाणच्या टांकसाळींतून चालू राहिला. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारच्या अमलातही काही वर्षं शिवराई पाडली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती बाजारात चालत होती. त्यामुळे आज सापडणाऱ्या बहुतेक शिवराया उत्तरकालीन असतात. अक्षरांचं वळण, ‘शिव’चं ‘सिव’ होणं, ‘पति’ची वेलांटी, ओळींमधल्या रेघा, बारीक चिन्हं आणि वजन यांवरून जाणकार काळाचा अंदाज बांधतात. दोन आडव्या रेघांच्या शिवराईला संग्राहक ‘दुदांडी’ म्हणतात, आणि ती उशिराची.

आता हे सगळं माहीत असलेला माणूस नाण्याकडे एकदा पाहून म्हणतो, ‘पेशवाईतली आहे, उशिराची.’ ऐकणाऱ्याच्या कानांना ते दोन प्रकारे लागतं. महाराजांचं नाणं घरात आहे हा घराचा अभिमान, त्याला धक्का बसतो. आणि हे बोलणारा स्वतः नाणी विकत घेणारा असेल, तर त्याने किंमत पाडायलाच हे म्हटलं, अशी शंका येते. ती दरवेळी खोटी असते असंही नाही. कुणाच्या अडाणीपणावर नाणं स्वस्तात मिळवणारे या क्षेत्रात आहेत आणि त्यांच्यामुळे सरळ माणसांचं सरळ मतही संशयाने ऐकलं जातं. म्हणून जुन्या, सज्जन संग्राहकांचा एक पाळलेला नियम आहे: ज्या नाण्याबद्दल मत दिलं, ते त्याच बैठकीत विकत मागायचं नाही. हा नियम ज्यांना माहीत आहे ते त्यावर विश्वास टाकतात. नवख्याला तो माहीतच नसतो, त्यामुळे काका नाणं मागत नाहीत याचा अर्थ तो ‘नाण्यात दम नाही’ असा लावतो.

उलटी गंमतही तितकीच नेहमीची. चांदीच्या रुपयावर फारसी अक्षरं दिसली की नवखा म्हणतो, ‘हे मोगलांचं.’ जाणता भिंगातून पाहतो, त्याला हत्तीला हाकायच्या अंकुशाची बारीक खूण दिसते आणि तो म्हणतो, ‘हा पुण्याचा अंकुशी रुपया, मराठ्यांचा.’ आता समोरच्याचा विश्वास बसत नाही. मराठ्यांचं नाणं आणि फारसीत? तेही मोगल बादशहाच्या नावाने? पण अठराव्या शतकातला व्यवहार तसाच होता. बादशहाच्या नावाचा रुपया हिंदुस्थानभर चालायचा. पुण्याच्या, चांदवडच्या टांकसाळींनी तोच मजकूर ठेवला आणि आपली खूण घातली. सराफ त्या खुणेवरून रुपया ओळखत आणि त्यानुसार बट्टा आकारत. आज आपण ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो तो बट्टा हाच. पोतदार आणि पारखी ही आडनावंही नाणी मोजण्या-पारखण्याच्या कामातून आली आहेत. म्हणजे नाण्याकडे पाहून एका नजरेत निकाल देण्याची सवय मराठी मुलखात काही आजची नव्हे.

भाषेतून आलेल्या एका सवयीने मात्र नवख्याची हमखास फजिती होते. ‘नाणं खणखणीत आहे’, ‘वाजवून घ्या’, असं आपण सहज म्हणतो. एखादा तरुण टेबलावरचा रुपया उचलतो आणि भोळेपणाने फरशीवर टाकून वाजवून पाहतो. आसपासच्या चार टेबलांवरची डोकी एकदम वर होतात. पूर्वी सराफ रुपये वाजवून घेत, कारण रुपया तेव्हा चलन होता. एखादा टवका उडाला तरी तो व्यवहारात चालून जायचा. संग्राहकाच्या नाण्याची कड दुखावली तर ते नाणं कायमचं उणं झालं. शिवाय मालकासमोर वाजवून पाहणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. आज चांदी-तांब्याची शहानिशा खिशातल्या छोट्या वजनकाट्याने, दहापट भिंगाने आणि चुंबकाने होते, तीही विचारून.

टेबलापाशी पाळायच्या रीती अशाच व्यवहारातून घडलेल्या आहेत. नाणं हातातून हातात द्यायचं नसतं. देणाऱ्याने ते मखमलीच्या ट्रेवर किंवा कापडावर ठेवायचं आणि घेणाऱ्याने तिथून उचलायचं, म्हणजे मध्येच पडलं तर कुणाच्या हातून पडलं हा वाद उरत नाही. नाणं कडेने, अंगठा आणि तर्जनीत धरायचं, आणि कापडापासून फार वर उचलायचं नाही. ते तोंडाजवळ नेऊन त्यावर बोलायचं नाही. थुंकीचा बारीक थेंबही चांदीवर डाग पाडतो. एखाद्याच्या हातात नाणं असताना, त्याचा भाव चालू असताना, तिसऱ्याने मध्ये बोली लावायची नाही. त्याने ते खाली ठेवेपर्यंत हक्क त्याचा. आणि कुणी आपला संग्रह घरी दाखवला तर निघताना त्याच्यासमोर हात रिकामे दिसतील असं उठायचं. हे शेवटचं कुणी कुणाला सांगत नाही. बुजुर्ग मंडळी मात्र ते पाळतात, आणि पाळणाऱ्याला पुन्हा बोलावणं येतं.

जुन्या बाजारात यातले निम्मे नियम लागू नाहीत. पुण्याच्या मंगळवार पेठेतला बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईच्या भेंडी बाजारातला चोर बाजार इथे रस्त्यावर ताडपत्री टाकून कुलपं, कंदील, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि नाणी एकत्र पसरलेली असतात. घासाघीस हाच तिथला शिष्टाचार. तिथून तयार होऊन आलेला माणूस प्रदर्शनात जाणत्यापुढे निम्म्याहून कमी भाव सांगतो तेव्हा त्याला वाटतं आपण व्यवहार करतोय; समोरच्याला तो अपमान वाटतो. जागा बदलली की भाषा बदलते, हे दोन-चार वेळा ठेच लागल्यावरच कळतं.

सगळ्यांत अवघड प्रश्न असतो तो ‘हे कुठे मिळालं?’ हा. नवखा तो कौतुकाने विचारतो आणि समोरचा एकदम मिटतो. उत्तर टाळलं जातं, किंवा ‘एका जुन्या संग्रहातून’ असं मोघम सांगितलं जातं. नवख्याला यात काळंबेरं दिसतं.

या मौनामागे दोन कायदे आहेत. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याचं मोल दहा रुपयांहून अधिक असलं की ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. सरकारला ते घ्यायचं झालं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा, असा मोबदला कायद्यात आहे. धातूच्या किमतीत नाण्याचं ऐतिहासिक मोल येत नाही, म्हणून नांगराला लागलेला नाण्यांचा गडवा पुष्कळदा गुपचूप सराफाकडे जातो आणि मुशीत वितळतो. दुसरा कायदा १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा, ५ एप्रिल १९७६ पासून लागू झालेला. शंभर वर्षांहून जुनी नाणी त्यात पुरावशेष ठरतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या मराठी घरातून ‘बाळाच्या मुंजीला एक खरी शिवराई पाठवा’ असा निरोप येतो तेव्हा जाणते संग्राहक स्पष्ट नाही म्हणतात, आणि ते नातेवाइकांना कोरडेपणाचं वाटतं. त्यामागे हा कायदा आहे, हे त्याच वेळी सांगितलं तर राग येणार नाही.

पण ‘कुठे मिळालं’ हे न सांगण्याची एक किंमत आहे, आणि ती इतिहासाला मोजावी लागते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकलेली होती. नहपानाच्या चेहऱ्यावर त्याने आपली तीन कमानींची टेकडी उमटवली होती. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश उखडून टाकल्याचं लिहिलं आहे. जोगलटेंभीच्या साठ्याने त्या वाक्याला धातूचा पुरावा दिला: पराभूत राजाचं चलनच जेत्याने आपल्या शिक्क्याखाली आणलं. हे कळलं ते साठा एकत्र मोजला गेला आणि गावाचं नाव नोंदलं गेलं म्हणून. तीच नाणी तेरा हजार रुमालांतून तेरा हजार दिशांना गेली असती, चिंचेने घासून एकेक करून विकली गेली असती, तर प्रत्येक नाणं सुंदर राहिलं असतं आणि एकाही नाण्याला काही सांगता आलं नसतं.

म्हणूनच घासणारा नवखा आणि गप्प बसणारा जाणता, दोघांच्या हातून एकच नुकसान होतं. एक नाण्यावरचा मजकूर पुसतो, दुसरा नाण्याभोवतीचा.

यात आता बाहेरच्या फसवणुकीची भर पडली आहे. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं २०१२ चं पाच रुपयांचं नाणं, ७८६ क्रमांकाची नोट, यांना लाखो रुपये मिळतात, अशा अफवा मोबाइलवर फिरतात. विकायला गेलेल्याकडून आधी ‘नोंदणी शुल्क’ आणि ‘कर’ म्हणून पैसे काढले जातात. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही आणि ती कोणतंही शुल्क मागत नाही. तरी प्रत्येक प्रदर्शनात कुणी ना कुणी अशी नोट किंवा राम-दरबाराचं ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, अर्धा आणा’ असं नाणं घेऊन येतोच. कंपनीने असं नाणं चलनात कधीच आणलं नाही; ती नंतर बनवलेली टोकनं आहेत.

टेबलामागून हसू येतं ते इथे. पण हसणाऱ्यांनीही जरा जपून बोलावं. ‘देवाचं चित्र असलेलं कंपनीचं नाणं नसतंच,’ असं सरसकट सांगितलं तर तेही चुकीचं ठरतं, कारण मद्रास इलाख्यात कंपनीने देवतांची चित्रं असलेले सोन्याचे पॅगोडा पाडले होते. आणि राज्यकर्त्यांच्याही हातून घोटाळे होत असतात. १९११ साली पंचम जॉर्जचा रुपया निघाला तेव्हा राजाच्या झग्यावरच्या पदकातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली. पाडलेल्या ९४ लाख रुपयांपैकी सुमारे सात लाखच बाहेर गेले होते. उरलेले वितळवले आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट दिसेल असा नवा ठसा केला. संग्राहक त्याला आजही ‘पिग रुपी’ म्हणतात. ज्या माणसाने पहिल्यांदा त्या झग्यावर बोट ठेवलं असेल तोही कुणी तज्ज्ञ नसावा. त्याने फक्त नीट पाहिलं असावं.

पाहायला शिकवणारी माणसं महाराष्ट्राला नवी नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या दप्तरांसाठी गावोगाव फिरले. अनेक घरांत त्यांना कागद दाखवायलाही कुणी तयार नसे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला तो या अविश्वासातून वाट काढत. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे गोळा करत देशभर हिंडले आणि आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी पुण्यात संग्रहालय उभारलं. १९७५ साली तो हजारो वस्तूंचा संग्रह त्यांनी सरकारच्या हवाली केला. नाण्यांच्या अभ्यासासाठी परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये संस्था स्थापन झाली. ती नाशिकजवळ अंजनेरीला आहे. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: जमवलेलं त्यांनी इतरांना पाहता, वाचता येईल असं मांडून ठेवलं.

बहुतेक खासगी संग्रहांचं तसं होत नाही. चाळीस वर्षं जमवलेल्या नाण्यांची माहिती एका माणसाच्या डोक्यात असते. कुठलं नाणं कुठल्या गावच्या बोहारणीकडून आलं, कुठलं सोनाराच्या मुशीतून आयत्या वेळी वाचवलं, हे त्याला तोंडपाठ. तो गेला की घरची मंडळी ट्रे उघडतात आणि त्यांना फक्त गोल तुकडे दिसतात. मग कुणीतरी किलोने भाव विचारतं. त्याच माणसाने कधीतरी एखाद्या नवख्याला ‘घासलंय’च्या पुढे चार वाक्यं सांगितली असती, तर आज त्या ट्रेपाशी बसून नाणी लावून देणारा कुणीतरी असता.

ज्या मंडळांत हे ओळखलं गेलं आहे तिथे साधी पद्धत असते. नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी किंमत सांगत नाहीत. भिंग, वजनकाटा आणि दोन इंच चौकोनी कागदी पाकीट त्याच्या पुढ्यात ठेवतात आणि नाण्याबद्दल त्याला जे दिसतं ते त्यालाच पाकिटावर लिहायला लावतात. चुकलं तर खोडून पुन्हा. गावाचं नाव विचारतात, कुणाच्या घरातून आलं ते विचारतात आणि तेही लिहून घेतात. किंमत ज्याची त्याने शोधावी.

अशा पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेला मजकूर साधारण असा असतो: ‘तांबे. ९.४ ग्रॅम. पुढे “राजा” आणि “शि” दिसते. मागे “छत्र”, खाली दोन रेघा. दुदांडी, उशिराची. आजीच्या देव्हाऱ्यातून, तिला तिच्या सासूकडून. चिंचेने घासलेली, पुढे घासू नये.’